ओहोटीच्या वेळेवर चालणारी इंटर्नशिप

बडोद्याला समुद्र नाही. पण ओखामंडळ, म्हणजे सौराष्ट्राच्या पश्चिम टोकाचा ओख्याभोवतीचा किनारा, गायकवाडांकडे होतं, आणि तिथल्या सागरी जीवांवरचा ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जेम्स हॉर्नेल यांचा १९०९चा अहवाल बडोदे सरकारसाठीच लिहिलेला. तेव्हा बडोद्याची प्राणिशास्त्राची मुलं इंटर्नशिपसाठी सौराष्ट्र मेलने ओख्याच्या बाजूला निघतात, यात नवल काही नाही.

तिथे गेल्यावर आधी घड्याळ विसरायचं. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी सहाला असेल, तर आठवड्याने जवळजवळ बाराला. मेसच्या वेळा तिला जुळत नाहीत, म्हणून घरून दशम्या आणि चिवडा न्याच. अमावस्या-पौर्णिमेनंतर एकदोन दिवसांत उधाण येतं. एरवी पाण्याखाली असलेला खालचा पट्टा तेव्हाच उघडा पडतो, त्यामुळे ते दिवस किनाऱ्याचे. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फारसं उतरत नाही, म्हणजे ते दिवस प्रयोगशाळेचे.

ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं आणि पाण्यामागोमाग खाली जायचं. पाणी वळलं की आपणही वळायचं. भरती पहिल्या तासात फसवी संथ असते. निम्मं पाणी तिसऱ्या-चौथ्या तासातच चढतं. भरतीरेषेपासून समुद्राकडे सरळ दोरी टाकून दर १० मीटरवर ५० सेंटीमीटरची चौकोनी चौकट ठेवायची आणि आतले जीव मोजायचे. जिथे जीव जास्त दिसतात तिथेच चौकट सरकवण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि सगळी आकडेवारी त्यातच बिघडते. स्पंज किंवा झोअँथिड (खडकावर चादरीसारखे पसरणारे प्रवाळाचे नातेवाईक) एकेक करून मोजता येत नाहीत, त्यांनी किती जागा व्यापली ते बघायचं. त्यासाठी चौकटीत ५-५ सेंटीमीटरवर दोरे बांधले की १०० घरं होतात, एक घर म्हणजे एक टक्का. उलटलेला दगड पुन्हा होता तसाच ठेवा, खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात. प्रवाळाला हात नाही. नोंदी पेन्सिलनेच करा, शाई पाण्याने पसरते.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायच्या बाटलीत. रबरी नळी तळाला टेकवून बाटली भरायची आणि पाणी थोडा वेळ वाहू द्यायचं. बुडबुडा राहिला की हवेतला ऑक्सिजन मिसळून आकडा फुगतो. १२५ मिलीच्या बाटलीत मँगनीज सल्फेट १ मिली, मग अल्कलाइन आयोडाइड १ मिली. दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून सोडायचं. हे किनाऱ्यावरच करायचं, प्रयोगशाळेत पोचल्यावर नव्हे. बूच लावून १५-२० वेळा उलटसुलट केल्यावर तपकिरी साका धरतो. साका पांढराच राहिला, तर पाण्यात ऑक्सिजन नाही किंवा रसायन टाकताना चुकलंय. साका खाली बसला की तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून तो विरघळवायचा आणि त्यातून सुटलेल्या आयोडीनचं थायोसल्फेटने टायट्रेशन करायचं, म्हणजे रंग जाईपर्यंत थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजायचं. स्टार्च रंग फिकट पिवळा झाल्यावरच घाला. आधी घातलं तर आयोडीन स्टार्चला चिकटून बसतं आणि निळा रंग वेळेवर जात नाही. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं, म्हणून त्याची तीव्रता रोज पोटॅशियम आयोडेटने तपासा.