मायनस एटीतलं सॅम्पल

मागच्या रविवारी आमच्या लॅबच्या मजल्यावरचा मायनस एटी, म्हणजे उणे ८० अंशांचा फ्रीझर बंद पडला. मी बॉस्टनबाहेर होते आणि रस्त्यावर बर्फ. शेजारच्या लॅबमधली टेक्निशियन, जिच्याशी माझं बोलणं ‘गुड मॉर्निंग’च्या पुढे कधी गेलं नव्हतं, ती घरून निघाली, ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) शोधून आणला आणि आमचे सगळे बॉक्स आपल्या फ्रीझरमध्ये हलवले. वर मला मेल: कुठला बॉक्स कुठल्या रॅकवर, कुठल्या ट्यूबवरचं लेबल पुसट झालंय. आभार मानले तर म्हणाली, सॅम्पल कुणाचंही असो, वितळू द्यायचं नाही.

इथल्या पुष्कळ गोष्टींचा मला वैताग येतो. फॉर्म, ट्रेनिंगचे व्हिडिओ, ट्रेनिंग झालं की त्याची परीक्षा. पण सॅम्पल जपण्याच्या बाबतीत मी या लोकांपुढे हात जोडलेत.

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचंच बघा. शरीराची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. त्यामागे एपस्टाइन-बार विषाणू असावा हा संशय जुना, पण सिद्ध कसं करणार? सुमारे ९५ टक्के प्रौढांना तो कधी ना कधी होऊन गेलेलाच असतो. हवं होतं आजारापूर्वीचं रक्त, तेही लाखो लोकांचं. ते मिळालं अमेरिकन सैन्याच्या साठ्यात. सैनिकांची एचआयव्हीची चाचणी ठरावीक काळाने होते आणि उरलेलं सीरम, म्हणजे रक्तातला पेशींविना द्रव, गोठवून ठेवतात. हार्वर्डच्या गटाने एक कोटीहून जास्त सैनिकांची माहिती चाळली, त्यांत एमएस झालेले निघाले ९५५. निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला: विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट. नमुने हाती असलेल्या ८०१ रुग्णांपैकी लागण न झालेला एकच. त्या ट्यूब ठेवताना एमएस कुणाच्या मनातही नव्हता! न्यूरोव्हायरॉलॉजीतल्या, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या विषाणूंवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, असा साठा मिळावा म्हणून काय वाटेल ते देईल.

हे मी जर्नल क्लबमध्ये, म्हणजे लॅबच्या शोधनिबंध-चर्चेत, रंगवून सांगितलं, तर एक सहकारी सहज म्हणाला, “तुमच्याकडे भारतात असं काही जपलेलं नसेल ना?” झालं, माझी सटकली. त्याला चांदीपुरा विषाणूची गोष्ट ऐकवली. १९६५ मध्ये नागपूर भागात तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला), हा नवा विषाणू सापडला. बराच काळ त्याला कुणी फारसं विचारलं नाही. मग २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मुलांना मेंदूज्वर झाला, ३२९ पैकी १८३ मुलं दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत काय आहे हे पुण्यात ओळखता आलं, कारण जुना विषाणू तिथे ओळखीचा होता. सहकाऱ्याने मान डोलावली आणि स्पेलिंग विचारलं. तेवढ्यावर भागवून घेतलं.

मी ज्यावर काम करते तो व्हीएसव्ही (व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस व्हायरस) हा चांदीपुराचा चुलतभाऊ. मूळचा गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा. त्याचं बाहेरचं प्रथिन काढून दुसऱ्या विषाणूचं बसवता येतं. इबोलाची एक लस अशीच झाली. आम्ही त्यात चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालतो. डिशमधल्या न्यूरॉनमध्ये, म्हणजे मेंदूच्या पेशीत, तो शिरला की मायक्रोस्कोपखाली आधी पेशीचा गोळा हिरवा होतो, मग एकेक फांदी. कितीदाही पाहिलं तरी मी खुर्ची पुढे ओढतेच.

“मग हेच इकडे का नाही करत?” हा प्रश्न घरून दर फोनला येतो. तिकडे असताना महिनाभर वाट पाहिलेलं एन्झाइम वाटेत अडकून कोमट होऊन हातात पडायचं. इथे आज मागवलं की उद्या दुपारी बाकावर असतं. अर्थात इथेही ग्रँट संपली की पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची तात्पुरती नोकरी, संपली आणि त्यामागोमाग व्हिसा, पण हे फोनवर सांगत नाही.

एक गोष्ट मात्र टोचते. २०२४ मध्ये गुजरातमध्ये चांदीपुराने पुन्हा मुलं गेली. त्यावर औषध नाही, लस नाही, आणि लक्षणं दिसल्यापासून मूल जाईपर्यंत एखाद-दोन दिवसच मिळतात. त्या पहिल्या दिवसाचं रक्त आणि पाठीतलं पाणी बॉस्टनमध्ये बसून मिळणार नाही. ते तालुक्याच्या दवाखान्यातल्या कुणीतरी रात्री दोन वाजता घ्यायचं, बर्फात ठेवायचं आणि पुण्याला धाडायचं. माझं काम पेशींवरचं, ते कुठेही होतं, असं मी म्हणते. बहीण सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञ आहे. ती यावर काही बोलत नाही, फक्त विचारते की ड्राय आइस नसेल तर नमुना किती तास टिकतो.