दंड एक रुपया, दंड हजार युरो

मागच्या डिसेंबरात माझ्या धाकट्या दिराचं लग्न झालं, सांगलीत. मुहूर्त शुक्रवारचा. आमची लेक करवली होणार हे सासूबाईंनी साखरपुड्यालाच जाहीर करून टाकलं होतं. इकडे जर्मनीत, आम्ही राहतो त्या एर्लांगेनमध्ये, नाताळची सुट्टी लागायला वेळ होता. मी रीतसर अर्ज केला: दहा दिवसांची रजा द्यावी, बुडालेला अभ्यास आम्ही घरी करून घेऊ.

मुख्याध्यापिकाबाईंचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. वराला शुभेच्छा, लग्नासाठी गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस मंजूर. सख्ख्या काकाचं लग्न म्हणून दोन, नाहीतर एकच मिळाला असता. शेवटी एक ओळ होती, ती मी तीनदा वाचली. अभ्यास घरी करून घेता येईल हे रजेचं कारण होऊ शकत नाही, कारण शाळा केवळ अभ्यासासाठी नसते.

नवऱ्याने कागद-पेन घेतलं. बुधवारी रात्री म्युनिकहून विमान, गुरुवारी दुपारी मुंबई, तिथून गाडीने रात्री उशिरा सांगली, शुक्रवारी लग्न, शनिवारी परत मुंबई, सोमवारी आठच्या ठोक्याला वर्गात. कागदावर जमत होतं. दहा वर्षांच्या मुलीच्या अंगात कितपत जमलं असतं, हा प्रश्न निराळा.

तुम्ही म्हणाल, मग सरळ ताप आलाय म्हणून कळवायचं! आपल्याकडे ‘पोट दुखतंय’ या एका चिठ्ठीवर आख्खी पिढी मामाच्या गावाला जाऊन आली. इथे तसं करणाऱ्यांसाठी विमानतळावर पोलीस असतात. अतिशयोक्ती करत नाहीये. २०१८ साली पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीच्या आधी मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी शाळकरी मुलांच्या आईबापांना गाठून विचारलं होतं, आज शाळा चालू असताना तुम्ही कुठे निघालात? स्वस्त तिकिटासाठी एक-दोन दिवस आधी निघालेली कुटुंबं त्यात सापडली आणि अधिकाऱ्यांना कळवलं गेलं. दंड हजार युरोपर्यंत होऊ शकतो.

या सगळ्यामागे एक शब्द आहे, ‘शूलफ्लिश्ट’. शूल म्हणजे शाळा, फ्लिश्ट म्हणजे कर्तव्य. आपण ‘शिक्षणाचा हक्क’ म्हणतो, हे ‘शाळेचं कर्तव्य’ म्हणतात. नुसतं शिकवून भागत नाही, मूल शाळा नावाच्या इमारतीत इतर मुलांबरोबर बसलेलं असलं पाहिजे. आजारपणासारखे मोजके अपवाद सोडले तर होमस्कूलिंग इथे बेकायदा आहे. गंमत म्हणजे गाडीने तीनेक तासांवर ऑस्ट्रिया लागतं. तिथे मूल घरी शिकवता येतं, फक्त वर्षाच्या शेवटी त्याला परीक्षा द्यावी लागते. भाषा तीच, डोंगर तेच, कायदा उलटा.

हे रडगाणं मी फोनवर माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीला ऐकवलं. ती डॅलसजवळ राहते आणि तिची दोन्ही मुलं शाळेतच जात नाहीत. मुलाला शाळेतून काढताना तिने एक ईमेल पाठवला, संपलं. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली निकाल दिला की घरी शिकवणारं कुटुंब ही एक खासगी शाळाच समजावी. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व एवढं शिकवायचं. नोंदणी नाही, परीक्षा नाही, तपासनीस नाही. मुलं नऊला उठतात, आधी गणित, मग लायब्ररी. गुरुवारी दहा-बारा कुटुंबं एकत्र जमतात. कुणी रसायनशास्त्र घेतं, कुणी चित्रकला, ही मराठी माणूस म्हणून बुद्धिबळ घेते. (बुद्धिबळाचा आणि मराठीपणाचा संबंध तिलाच ठाऊक.)

तिने हे खूळ म्हणून केलेलं नाही. मुलगा पहिलीत असताना एक दिवस घरी येऊन म्हणाला, “आई, आज आम्ही कपाटामागे लपून बसलो आणि कोणीच श्वासाचा आवाज केला नाही, म्हणून टीचर खूश झाल्या.” बंदूक घेऊन कोणी शाळेत शिरलं तर काय करायचं, याचा सराव होता तो. त्या रात्री तिला झोप लागली नाही. यावर मी काय बोलणार होते?

“तुमचा तो कायदा हिटलरचा आहे, माहितेय ना?” ती म्हणाली. अमेरिकेतल्या होमस्कूलवाल्यांमध्ये हे वाक्य पाठ असतं. अर्धं खरं आहे. १९३८ च्या कायद्याने देशभर एकसारखी सक्ती आणली, पळवाटा बुजवल्या आणि मुलांना पोलिसांकरवी शाळेत नेण्याची सोय केली. पण मूळ फार जुनं. प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या राजाने १७१७ मध्येच मुलांना शाळेत धाडा म्हणून फर्मान काढलं होतं. आणि आजच्या शाळेचा खरा पाया १९१९ च्या वायमार राज्यघटनेत आणि १९२० च्या प्राथमिक शाळेच्या कायद्यात आहे. त्याआधी पैसेवाल्यांची मुलं घरच्या शिक्षकांकडे नाहीतर वेगळ्या फीच्या शाळांत शिकायची आणि गरिबांची मुलं लोकशाळेत. १९२० च्या कायद्याने सांगितलं, पहिली चार वर्षं सगळे एकाच बाकावर. सावकाराचा मुलगा आणि त्याच्या गडीमाणसाचा मुलगा एका वर्गात बसणं सक्तीशिवाय होत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

मग ती रोमायके कुटुंबावर आली. तेही मला माहीत होतं. इथल्या मराठी ग्रुपवर तो विषय दर दोन वर्षांनी निघतोच. धार्मिक कारणाने मुलं घरी शिकवणारं हे जर्मन कुटुंब २००८ साली टेनेसीला गेलं आणि अमेरिकेकडे चक्क राजकीय आश्रय मागितला. २०१० मध्ये एका न्यायाधीशाने तो दिलाही. अपील मंडळाने २०१२ मध्ये तो काढून घेतला आणि वरच्या न्यायालयाने २०१३ मध्ये तेच कायम ठेवलं: कायदा सगळ्यांना सारखाच लागू असेल तर त्याला छळ म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने कळवलं की राहा, आम्ही हाकलत नाही. आश्रय कशापासून, तर शाळेपासून! चौथीत असताना मी अर्ज केला असता.

जर्मनीतली दुसरी गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. २०१३ मध्ये डार्मश्टाटजवळच्या वुंडरलिश कुटुंबाच्या घरी पोलीस आणि बालकल्याण खात्याची माणसं गेली आणि चार मुलांना तीन आठवड्यांसाठी आईबापांपासून दूर नेलं. मुलं उपाशी नव्हती, मारलेली नव्हती, शाळेत जात नव्हती एवढंच. प्रकरण स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल जर्मनीच्या बाजूने लागला. मूल समाजापासून तुटू नये हे सरकारला पाहावंच लागतं, असा एकूण रोख. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लेकीच्या खोलीत जाऊन उगाच तिचं पांघरूण सारखं केलं होतं.

अमेरिकेत विचाराची सुरुवातच दुसऱ्या टोकापासून होते. १९२५ साली ऑरेगॉन राज्याच्या एका खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मूल ही काही निव्वळ सरकारची निर्मिती नव्हे. सगळ्यांना सरकारी शाळेतच धाडा म्हणणारा कायदा रद्द झाला. १९७२ मध्ये आमिश या जुन्या वळणाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांना आठवीनंतर मुलं शेतावर नेण्याची मुभा मिळाली. तरी घरी शिकवणं सगळ्या राज्यांत कायदेशीर व्हायला १९९३ उजाडलं.

आणि आपण? आपण या दोन्हींत कुठेच बसत नाही. शाळेत नाव आणि क्लासात जीव, असा आपला मामला. अकरावी-बारावीला ‘इंटिग्रेटेड’ नावाखाली कॉलेजात नुसती हजेरी लागते आणि पोरं दिवसभर क्लासच्या हॉलमध्ये असतात, त्याला कोणी होमस्कूलिंग म्हणत नाही. तरी शाळेवरचा आपला विश्वास मार्कांपुरताच, ही गोष्ट मला इथे येईपर्यंत कळलेली नव्हती.

कळली ती माझा मुलगा पहिलीत गेला तेव्हा. पहिल्या दिवशी पोरांच्या हातात त्यांच्याच उंचीचा पुठ्ठ्याचा रंगीत कोन असतो, खाऊने आणि पेन्सिलींनी भरलेला. त्या कौतुकात मी बाईंना अभिमानाने सांगितलं की याला वाचता येतं आणि बारापर्यंतचे पाढे पाठ आहेत. आजोबा रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर म्हणून घेत असत. बाईंचा चेहरा पडला. “अरेरे,” त्या म्हणाल्या, “मग तो इथे करणार काय?” पालकसभेत सगळ्यांनाच बजावलं गेलं: घरी पुढचं शिकवू नका. त्यापेक्षा बुटाची नाडी बांधायला शिकवा, आणि गाडीने सोडायला येऊ नका, चालत पाठवा. चौथीत पोलीस येतात ते सायकलची परीक्षा घ्यायला. हात दाखवून डावीकडे कसं वळायचं, आधी कोणाला जाऊ द्यायचं. ती परीक्षा नापास झालेलं पोर पाहिलं की गणितात नापास झाल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

(एका बाबतीत मात्र आमची पोरं जन्मतः पुढे. जर्मन भाषेत एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच. शेजारच्या इंग्लिश कुटुंबातला मुलगा वर्षभर एकवीसचे बारा लिहीत होता.)

मार्कांचंही उलटं. इथे १ म्हणजे उत्तम आणि ६ म्हणजे नापास. लेकीला गणितात सहापैकी एक मिळाला असं माझ्या वडिलांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी पाच मिनिटं मौन पाळलं आणि मग म्हणाले, “असू दे, चित्रकला बरी आहे तिची.”

पण या शाळेवर मी भाळले आहे असं समजू नका. सगळे एका बाकावर, हे चौथीपर्यंतच. बायर्नमध्ये, म्हणजे आमच्या राज्यात, चौथीच्या मे महिन्यात एक प्रमाणपत्र येतं. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम (विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रिआलशूले (मधली), नाहीतर मिटेलशूले (कामधंद्याकडे नेणारी). नंतर रस्ता बदलता येतो, पण अवघड. आपली चौथीची स्कॉलरशिप आठवा. ती बुडाली तर आई दोन दिवस बोलायची नाही, एवढंच व्हायचं. इथे दहाव्या वर्षी दशांश चिन्हाच्या पुढच्या आकड्यावर पोराची वाट ठरते आणि मग तेच पालक, ज्यांना घरी शिकवू नका म्हणून सांगितलेलं असतं, ते गुपचूप शिकवणी लावतात. माझ्या लेकीचं यंदा तेच वर्ष आहे. मीही लावली आहे. कोणाला सांगू नका.

आणि कोरोना! १६ मार्च २०२० ला शाळा बंद झाल्या आणि ज्या देशात घरी शिकवणं बेकायदा, त्या देशाने आम्हा सगळ्यांच्या हातात छापील कागदांचे गठ्ठे दिले. मुलगा तेव्हा दुसरीत. मी त्याला आपल्या पद्धतीने हातचा घेऊन वजाबाकी शिकवली, ती इथल्या पद्धतीहून वेगळी निघाली, दोघंही रडलो. दोन महिन्यांत माझ्या लक्षात आलं की त्याला सगळं येत होतं आणि तो कोणाशीच बोलत नव्हता. आमच्या वर्गात एक सीरियाहून आलेला मुलगा होता. त्याच्या घरी प्रिंटर नव्हता आणि जर्मन वाचणारं मोठं माणूसही नव्हतं. शाळा पुन्हा उघडली तेव्हा तो जिथून निघाला होता, त्याच्याही मागे गेला होता.

तेव्हापासून मला माझी आजी आठवायला लागली. सांगलीकडचीच. चौथीत पहिली आली आणि तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढली. भाऊ पुढे शिकला. मी लहान असताना विचारलं, आजी, तू किती शिकलीस? ती म्हणायची, “घरीच शिकले की गं, सगळं.” सगळं म्हणजे स्वयंपाक, शिवण, आणि भावाचं पुस्तक त्याच्या नकळत वाचणं. होमस्कूलिंगच ते.

जोतिराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं म्हटलं होतं. गोखल्यांचं १९११ चं विधेयक सरकारी विरोधामुळे कायदेमंडळात फेटाळलं गेलं. शाहू महाराजांनी मात्र १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात सक्तीचा कायदा केला. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया. आजीचं माहेर कोल्हापूर संस्थानात असतं आणि तो दंड कोणी नेटाने वसूल केला असता तर, असा विचार मी हल्ली करते.

हे मी मैत्रिणीला सांगितलं. ती म्हणाली, “पण मी तुझा पणजोबा नाहीये.” खरंच आहे. तिची मुलगी बाराव्या वर्षी बीजगणित करते आणि मला फोनवर बुद्धिबळात हरवते. पण कायद्याला दार उघडल्यावर ती दिसेल की पणजोबा, हे आधी कसं कळावं? यावर आम्ही पाऊण तास भांडलो आणि मग तिने मला पुरणाचं प्रमाण विचारलं.

शेवटी नवरा एकटाच सांगलीला गेला. मुहूर्त दहा चाळीसचा, म्हणजे इथे पहाटेचे सहा दहा. बाहेर मिट्ट काळोख, खिडकीवर बर्फ. लेक साडेपाचलाच उठून नऊवारी नेसून स्वयंपाकघरातल्या लॅपटॉपसमोर उभी. तिकडून मंगलाष्टकं आली की इकडून ती स्क्रीनवर अक्षता फेकत होती. सासूबाई मधूनच फोनच्या कॅमेऱ्यात डोकावून म्हणाल्या, “करवली आलीच बघ!” आणि पदराने डोळे पुसले. सात वाजता नऊवारी उतरली, जाड जॅकेट चढलं, साडेसातला ती चालत शाळेला गेली. मंजूर झालेली सुट्टी आम्ही घेतलीच नव्हती.

दुपारी तिच्या वहीत बाईंची चिठ्ठी होती. मुलीच्या केसांत पिवळे तांदूळ सापडले, काय म्हणून विचारलं, तर तिने अर्धा तास वर्गाला लग्न सांगितलं. सोमवारी आणखी थोडे तांदूळ पाठवाल का? चोवीस मुलं आहेत.