घरबांधणी, नोंद ११: स्लॅब अडला तो वाळूपाशी

२८ एप्रिलला ठरलेला स्लॅब मी १२ मेपर्यंत पुढे ढकलला आहे. विहिरीचे पाणी काँक्रीटसाठी फार खारे असावे, अशी जी शंका मागच्या नोंदीत मांडली होती ती खरी ठरली, परंतु तिचा पाठपुरावा करताना त्याहून मोठा दोष ज्या वाळूत सापडला, तिच्यावर मी फेब्रुवारीपासून निर्धास्तपणे ताडपत्री टाकून ठेवली होती.

नोव्हेंबरमध्ये पाया भरताना तपासलेल्या पाण्यात लिटरमागे १९० मिलिग्रॅम क्लोराइड (मिठातला सळई गंजवणारा घटक) होते. देवगडच्या किनाऱ्यापासून जेमतेम एक किलोमीटरवर असलेली आमची विहीर होळीनंतर मचूळ होते, म्हणून मार्चअखेरीस पुन्हा नमुना पाठवला आणि आकडा ६४० आला. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस ४५६) सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यासाठी मर्यादा ५०० आहे आणि क्युरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओले ठेवण्याचे पाणीही त्याच कसाचे हवे. मी लगेच वरच्या गावातील नदीकाठच्या विहिरीचा टँकर ठरवला. त्या पाण्याचा आकडा ६० आहे. येथे प्रश्न मिटला असे मला वाटले होते.

मात्र त्याच मानकात आणखी एक मर्यादा आहे. सळईच्या काँक्रीटमध्ये पाणी, वाळू, खडी, सिमेंट आणि अॅडमिक्स्चर (पाणी न वाढवता काँक्रीट मऊ करणारे रसायन) यांतून येणारे एकूण क्लोराइड घनमीटरमागे ०.६ किलोपेक्षा जास्त असू नये. आमचे डिझाइन मिक्स, म्हणजे हिशेबाने ठरवलेले मिश्रण, एम ३० चे (२८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन ताकदीचे) आहे: घनमीटरमागे ३८० किलो पीपीसी (हळूहळू ताकद धरणारे पोझोलाना सिमेंट), १७१ लिटर पाणी, ६८० किलो वाळू. मचूळ पाण्याचा वाटा धरला तर तो ०.१०९ किलो येतो. सिमेंटच्या चाचणी प्रमाणपत्रात क्लोराइड ०.०२ टक्के आहे, म्हणजे ०.०७६ किलो. राहिली वाळू. तिच्या अहवालात ०.०७ टक्के क्लोराइड निघाले. टक्केवारी क्षुल्लक दिसते, पण ६८० किलोंवर ती ०.४७६ किलो होते. बेरीज ०.६६१. पाणी बदलूनही ती ०.५६२ पर्यंतच उतरते, म्हणजे जवळजवळ सगळी मर्यादा वापरून टाकल्यासारखेच, आणि पुढची अनेक वर्षे खारे वारे त्यात भर घालीत राहणार.

ही वाळू खाडीच्या वरच्या अंगाची असून तेथे खारे पाणी पोहोचत नाही, असे पुरवठादाराने सांगितले होते. मिस्त्रींनी चिमूटभर जिभेवर ठेवून तिला मान्यता दिली. त्यांच्या गवंडीकामावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण इतके कमी मीठ जिभेला कळत नाही. यापुढे वाळूची प्रत्येक गाडी रिकामी होण्यापूर्वी मूठभर वाळू टँकरच्या पाण्यात ढवळून, निवळीत सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकून पाहणार आहे. त्याच पाण्याच्या कोऱ्या नमुन्यापेक्षा निवळी अधिक दुधाळ झाली, तर गाडी तशीच परत जाईल. नेमका आकडा यातून कळत नाही, परंतु दारात निर्णय घेण्यास ती चाचणी पुरेशी आहे.

एवढा आग्रह का, हे आपल्या भागातील जुन्या स्लॅबांखाली उभे राहिल्यावर समजते. काँक्रीटच्या तीव्र अल्कधर्मी वातावरणात सळईवर संरक्षक पापुद्रा टिकून राहतो. क्लोराइड तो भेदते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, आतून फुटून खाली पडते. नंतर वरून कितीही गिलावा केला तरी आत गेलेले मीठ बाहेर काढता येत नाही.

वाळू धुण्याचा प्रयोगही करून पाहिला. पिंपात तीन वेळा धुतलेला नमुना ०.०२ टक्क्यांवर आला, पण बारीक कण वाहून गेले, आणि १७ घनमीटर काँक्रीटसाठी साडेअकरा टन वाळू गोड्या पाण्याने धुण्याइतके टँकर मे महिन्यात मागणे मला योग्य वाटत नाही. म्हणून काळा दगड दळून केलेली, धुतलेली क्रश सँड घेतली. न धुतलेली स्वस्त मिळते, पण तिच्यातील दगडाच्या भुकटीमुळे पाण्याची मागणी वाढते. तेथे पैसे वाचवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्रश सँडच्या १२ एप्रिलच्या ट्रायलमध्ये पहिला घाणा रखरखीत निघाला आणि स्लंप, म्हणजे साच्यातून काढल्यावर काँक्रीट किती खचते ते माप, अवघा ४० मिलिमीटर आला. कामगारांनी सवयीने पाण्याची बादली उचलली होती. ती खाली ठेवायला लावून अॅडमिक्स्चर सिमेंटच्या ०.६ वरून ०.९ टक्क्यांवर नेले. स्लंप ८५ झाला, कडेला पाणी सुटले नाही आणि थापीखाली पृष्ठभाग लोण्यासारखा मिटला. ताकद तपासण्यासाठी पाडलेले सात दिवसांचे क्यूब चौरस मिलिमीटरला २७.४, २८.१ आणि २६.९ न्यूटन एवढे भरले. पीपीसीच्या मानाने हे आकडे उत्तम आहेत आणि मला त्यांचा मनापासून आनंद झाला. २८ दिवसांचे क्यूब १० मे रोजी चाचणीत फोडले जातील. लक्ष्य सरासरी ३८.२५ आहे.

कॉलमची चिंता नाही. ते जानेवारीत नदीच्या वाळूत आणि तपासलेल्या पाण्यात झाले, आणि त्यांचे २८ दिवसांचे क्यूब ३९.१, ४०.३ आणि ३८.८ आले होते. स्लॅबसाठी ४५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळई तेवढी उचलून धरणारे ठोकळे) मिक्समधलाच मसाला वापरून घरी पाडले आहेत. सळईखाली जांभ्याच्या चिऱ्याचे तुकडे सरकवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते, पण जांभा पाणी शोषून ते थेट लोखंडापाशी नेतो.

उरलेली खाडीची वाळू गिलाव्यात संपवावी, असे काल वहीत लिहिले होते. आज ते खोडतो आहे, कारण तिच्यामुळे भिंतींना लोणा लागेल. हे लिहिता लिहिता दुसरा विचार आला: तीच वाळू धुऊन क्रश सँडमध्ये ३० टक्के मिसळली, तर मिक्सचा रखरखीतपणा कमी होईल आणि तिचे क्लोराइड घनमीटरला जेमतेम ०.०४ किलो राहील. मात्र नव्या मिक्सची २८ दिवसांची चाचणी आता घेतली, तर स्लॅब मेच्या उत्तरार्धात जाईल आणि मृगापूर्वी क्युरिंगचे व सेंटरिंग (स्लॅबखालचा साचा आणि टेकू) ठेवण्याचे दिवस पुरणार नाहीत. तेव्हा स्लॅब केवळ क्रश सँडचाच होईल. मिश्रणाची ट्रायल दिवाळीनंतर पोर्चच्या कॉलमसाठी घेईन, वाळूही पावसाळ्यानंतर नदीला पाणी असताना धुईन, आणि तोवर ढीग चिऱ्यांच्या भिंतीपासून दूर, अंगणाच्या टोकाला हलवीन.

१२ मेला पहाटे पाचला मिक्सर सुरू होईल. वळवाच्या सरीसाठी प्लास्टिक कापड आणि दुसरा व्हायब्रेटर आदल्या संध्याकाळीच जागेवर आणून ठेवणार आहे, आणि टँकरच्या पाण्याचा नमुना त्याच दिवशी पुन्हा तपासेन.