प्लास्टिकच्या तळ्यातले मासे आणि व्हिटॅमिन सी: माझा अनुभव

आटपाडी तालुक्यात आमची डाळिंबाची बाग. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी साठवायला केलेल्या शेततळ्यात रोहू-कटला सोडायचं ठरलं, तेव्हा अण्णांचा हिशेब सोपा होता: पेंड-कोंडा टाकायचा, मासा आपोआप वाढतो. गावतळ्यात वाढतोही. तिथं तळाला माती असते, शेवाळ आणि बारीक जीव तयार होतात, जीवनसत्त्वं बरीचशी त्यातूनच मिळतात. आमच्या तळ्याला खाली प्लास्टिकचा कागद, वर माशांची दाटी. पोटात जायचं ते आम्ही देऊ तेवढंच.

थंडीत जाळं ओढलं आणि त्यानंतर घासलेल्या माशांच्या जखमा भरेनात. काहींचे पर झिजले, अंगावर लाल ठिपके आले. मत्स्यशास्त्र शिकलेल्या मित्राला फोन केला, तर त्यानं आधी पाणीच तपासायला लावलं. अमोनिया वाढलेला होता. खाद्य कमी केलं, थोडं पाणी ठिबकने बागेला सोडून नवीन भरलं. मग त्यानं विचारलं, "खाद्याच्या पोत्यावर तारीख कुठली आहे?"

खरी गोम तिथंच होती. शेळी, मेंढी, खिलार बैल आपलं व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात तयार करतात. रोहू-कटल्यासारख्या बहुतेक माशांना ते जमत नाही, खाण्यातूनच मिळावं लागतं. कमी पडलं की कोलॅजन, म्हणजे कातडी-हाडं बांधून ठेवणारं प्रथिन, नीट बनत नाही, जखम रेंगाळते, कमतरता फार झाली तर पाठीचा कणाही वाकतो. जंतूंना गिळणाऱ्या पेशींचं कामही मंदावतं. आणि साधं व्हिटॅमिन सी खाद्याच्या गोळ्या बनवतानाच्या उष्णतेत आणि पुढं पोतं पडून राहिल्यावर नासत जातं. जुनी, खवट पेंड आणखी वाईट: खवटपणा व्हिटॅमिन ई खाऊन टाकतो आणि बुरशीचं विष प्रतिकारशक्तीच पाडतं.

म्हणून फॉस्फेटला जोडलेलं, टिकाऊ व्हिटॅमिन सी आणलं. पावडरीत खरं व्हिटॅमिन किती, तो पुड्यावरचा टक्का वाचणं महत्त्वाचं. आमच्यावर ३५ टक्के होतं. किलोभर खाद्यात ५०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन हवं, म्हणजे पावडर जवळजवळ दीड ग्रॅम. स्टार्चची पातळ खळ करायची, ती पूर्ण गार झाली की पावडर मिसळायची, गोळ्यांवर शिंपडून सावलीत वाळवायचं आणि वरून तेलाचा हलका हात फिरवायचा. तेलाशिवाय बरंचसं व्हिटॅमिन माशाच्या तोंडात जायच्या आधी पाण्यातच जातं. लागेल तेवढंच, त्या दिवसापुरतं बनवतो.

जखमा भरत गेल्या. पण श्रेय पुड्याला द्यायला मी तयार नाही, कारण पाणीही त्याच वेळी सुधारलं होतं. शिवाय आजारी मासा सगळ्यात आधी खाणं सोडतो, म्हणजे ज्याला गरज त्याच्यापर्यंत ते पोचतच नाही. टाक्यांमधल्या प्रयोगांतही व्हिटॅमिन आधी काही आठवडे खाऊ घालतात, जंतू नंतर टोचतात. तेव्हा कुठं लायसोझाइम (जंतू मारणारं शरीरातलं प्रथिन) वाढलेलं आणि मरतूक कमी झालेली दिसते.

त्यामुळं आता जाळं ओढायच्या किंवा थंडी पडायच्या काही आठवडे आधीच सुरू करतो. दुकानदार ए-डी-ई-सी सगळं एकत्र असलेली बाटली पुढं करतो, ती घेत नाही. ए आणि डी चरबीत साठतात, जास्त झाले तर अपाय करतात. अण्णा अजून म्हणतात, "माशाला कसलं टॉनिक?" पण पोतं उघडायच्या आधी तारीख तेच बघतात.