रंगलेप मालिका, चित्र चौथे : उजळून आलेला प्रूफ

मी संगणकावर काढत असलेल्या रंगलेप या मालिकेतील चौथ्या चित्राचा प्रूफ, म्हणजे छपाईचा नमुना, काल हाती आला आणि नर्तिकेचा चेहरा माझ्या फाइलपेक्षा बराच उजळ निघाला. रंगांच्या प्रोफाइलचा (फाइलमधले रंग छपाईत कसे उतरावेत हे ठरवणाऱ्या मांडणीचा) घोटाळा असावा म्हणून मान आणि हात ताडून पाहिले, तर ते जसेच्या तसे होते. घामाने पॅनकेक, म्हणजे रंगमंचासाठी चेहऱ्यावर थापलेला फिकट मेकअप, उतरून खालची सावळी त्वचा दिसू लागते, तो गालाचा भाग तेवढा कोणीतरी नीट निवडून उजळवला होता. पेठेतल्या त्या छपाईवाल्याकडे विचारणा केली, तेव्हा ऑपरेटरने मोठ्या आपुलकीने सांगितले, "मॅडम, चेहरा काळपट येत होता, म्हणून जरा उजळवून दिला. त्याचे वेगळे पैसे नाहीत."

या गालानेच सर्वाधिक छळले आहे. चित्रात पॅनकेकचा थर स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे खालचा रंग उजळवणाऱ्या मिश्रणपद्धतीत, ठेवला की त्वचा आतून उजळल्यासारखी दिसते आणि चित्र थेट क्रीमच्या जाहिरातीच्या वळणावर जाते. रंग गडद करणारा मल्टिप्लाय मोड तर येथे निरुपयोगीच, कारण तो उजळ रंग चढवूच शकत नाही. नॉर्मल मोडमध्ये अपारदर्शकता कमी केली, तर तपकिरी आणि गुलाबीसर रंगांची सरळ सरासरी निघते. प्रत्यक्षात मात्र गडद त्वचेवर फिकट रंगाचा पातळ थर निळसर-राखाडी दिसतो, कारण त्यातले बारीक कण निळा प्रकाश अधिक विखुरतात. अरंगेत्रमच्या (नर्तिकेच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाच्या) फोटोंमध्ये हनुवटीखाली जी राखेसारखी कड दिसते, ती हीच. अखेर थर जिथे विरळ होतो तेवढ्याच भागावर मास्क लावून थंड राखाडीचा वेगळा लेयर दिला, त्वचेवरची चमक पूर्ण काढून टाकली आणि घामाच्या ओघळांतच ती परत आणली. तेव्हा कुठे तो लेप त्वचेवर बाहेरून थापल्यासारखा दिसू लागला. कानामागे राहून गेलेला बोटभर सावळा पट्टा मला आता सगळ्या चित्रात अधिक आवडतो.

हे सर्व क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये केले. फुकट असूनही त्यातले सॉफ्ट प्रूफिंग, म्हणजे छपाईचे रंग पडद्यावरच दाखवण्याची सोय, भरवशाचे आहे, आणि गडद तपकिरी छटा छपाईच्या चार शायांमध्ये (सीएमवायके) कुठे मार खातील याचा अंदाज छपाईआधीच येतो.

पाचव्या चित्रात बॅलेचे बूट येणार होते. 2018 मध्ये लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेबरोबर तपकिरी पॉइंट शूज (बोटांच्या टोकांवर नाचण्याचे बॅलेचे बूट) बाजारात आणले. तोपर्यंत अनेक कृष्णवर्णीय नर्तिका गुलाबी बुटांना आपल्या त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन फासत असत आणि त्यालाही पॅनकेकिंगच म्हणत. तिथे बूट त्वचेसारखा रंगवायचा, इथे त्वचाच दुसऱ्या कोणासारखी. ही जोडी मला सोडायची नाही. परंतु हे लिहिता लिहिताच बेत बदलला आहे. बूट सहाव्या क्रमांकावर जातील आणि पाचवे चित्र म्हणजे हाच उजळलेला प्रूफ असेल, माझ्या मूळ छपाईशेजारी, त्याच आकारात, खाली ऑपरेटरचे वाक्य.

त्यासाठी त्याची परवानगी हवी, म्हणून शनिवारी पुन्हा जाणार आहे. त्याच फेरीत मूळ फाइलचा प्रूफ अनकोटेड, म्हणजे गुळगुळीत लेप नसलेल्या, कागदावर मागवीन. त्यावर शाई पसरून गडद छटांमधले बारकावे बुजतात, तेव्हा गालावरची राखाडी कड टिकते की नाही ते कळेल. ऑर्डरवर या वेळी ठळक अक्षरांत लिहिणार आहे : चेहऱ्याला हात लावू नये.