मनोरुग्णालयातून घरी आणताना: कागद कोणत्या क्रमाने काढले

येरवड्याहून माणूस घरी येतो, पण त्याच्यावर होणारा सरकारी खर्च आपसूक त्याच्यामागे गावी येत नाही. खाट, जेवण, औषध सगळं तिथंच राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की घरच्यांनी टाकलं किंवा गावात सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणालाही संस्थेत ठेवता येत नाही. हक्क पक्का आहे. पैसा मात्र एकेका दाखल्यानं आणावा लागतो. सातारा जिल्ह्यातल्या काही घरांसाठी आम्ही हे काम केलं, त्यातून क्रम कळत गेला.

सुरुवात सुट्टी मिळायच्या आधीच करा. डिस्चार्ज कार्डावर निदान, आजार सुरू झाल्याचं वर्ष आणि गोळ्यांची मात्रा स्वच्छ लिहून घ्या. सोबत दिलेल्या गोळ्या किती दिवस पुरतील ते मोजा आणि संपायच्या आठवडाभर आधी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा केसपेपर काढा. क्लोझापिन ही मनोविकारावरची गोळी चालू असेल तर फारच जपायचं. दोन दिवसांहून जास्त खंड पडला की जुनी मात्रा एकदम देता येत नाही; डॉक्टरांच्या देखरेखीत १२.५ मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवावी लागते. अडलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आहे.

मग दिव्यांग प्रमाणपत्र. अर्ज केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, तपासणी सरकारी रुग्णालयात. मानसिक आजाराची टक्केवारी आयडियाज नावाच्या मोजपट्टीवर ठरते: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, प्रत्येकाला ० ते ४ गुण. आजार किती वर्षं आहे याचे आणखी १ ते ४. बेरीज ७ झाली तर ४० टक्के, आणि ४० च्या खाली अनुदान नाही. म्हणून डिस्चार्ज कार्डावरचं आजार सुरू झाल्याचं वर्ष महत्त्वाचं. दहा वर्षांहून जुना आजार कागदावर दिसला तर ४ गुण तिथंच मिळतात. जुन्या चिठ्ठ्या नसतील तर नुसत्या सांगण्यावर ते धरले जातीलच असं नाही.

एक चूक घरच्यांकडूनही होते. डॉक्टर विचारतात, “आंघोळ करतो का?” आई मायेनं म्हणते, “करतोय की!” पण तीन वेळा हाक मारून, पाणी काढून दिल्यावर करतो, हे राहून जातं. आदल्या महिन्यात कशाकशाला सांगावं लागलं ते वहीत लिहून न्या. हे खोटं बोलणं नाही, पूर्ण खरं सांगणं आहे.

प्रमाणपत्र हाती आलं की तहसीलला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून महिना २,५०० रुपये, कुटुंबाच्या उत्पन्नाची अट वर्षाला ५०,००० च्या आत. महाराष्ट्रात १५ वर्षं रहिवास लागतो, आणि इथं आमचा एक अर्ज अडला. तहसीलचं म्हणणं: “हा बारा वर्षं गावात नव्हताच.” अट गावाची नाही, राज्याची आहे, आणि रुग्णालयही महाराष्ट्रातच आहे. दाखल झाल्याची तारीख असलेला कागद जोडला तेव्हा अर्ज पुढं सरकला. रेशनकार्डावरून नाव कमी झालं असेल, आधारला जुना मोबाइल असेल, तर ते आधीच दुरुस्त करा. नाहीतर मंजुरी येऊनही पैसे खात्यात पडत नाहीत.

बँकेत “मनोरुग्णाचं खातं उघडत नाही” असं तोंडी सांगितलं तर लेखी मागा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ३ प्रमाणे आजार आहे एवढ्यावरून कुणी असमर्थ ठरत नाही. ते न्यायालयानं ठरवावं लागतं.

केंद्राच्या निरामय आरोग्य विम्याच्या मागे मात्र लागू नका. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरताच आहे. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत अर्ज द्या: स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, आणि त्या यादीत मानसिक आजाराची नावं क्वचितच दिसतात. अर्जाची पोच घ्या. प्रमाणपत्रावर मुदत असेल तर संपायच्या तीन महिने आधी फेरतपासणीची तारीख मागा, आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.