टंगस्टनसाठी अडकलेली ऑर्डर : माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप आहे, बेंगळुरूच्या एका कंपनीला आम्ही सैन्याच्या उपकरणात बसणारे बॅलन्स वेट, म्हणजे तोल साधायची वजनं, करून देतो. जॉब म्हटला तर अंगठ्याएवढा, पण टंगस्टन हेवी अलॉयचा, म्हणजे बहुतेक टंगस्टनच असलेल्या मिश्रधातूचा, घनता घन सेंटिमीटरला १७ ग्रॅमच्या वर म्हणजे लोखंडाच्या दुपटीहून जास्त, त्यामुळं तेवढ्या जागेत दुसरं काही घालून भागतच नाही.

४ फेब्रुवारी २०२५ ला चीननं टंगस्टनच्या निर्यातीला लायसन्स लावलं आणि ज्यातनं हे जॉब कापतो तो तिकडनं येणारा आमचा रॉड अडकला. जगात खाणीतून निघणाऱ्या टंगस्टनपैकी ८० टक्क्यांच्या आसपास एकट्या चीनचं, मग जायचं कुठं? माल शेवटी कोण वापरणार, कशासाठी, सगळं लिहून द्यायचं होतं. इम्पोर्टर म्हणाला, "दादा, मिलिटरी लिहिलंत तर लायसन्स विसरा." खोटं लिहायचा प्रश्नच नव्हता, खरं तेच लिहिलं आणि वाट बघत बसलो, तोवर कार्बाइड इन्सर्टचे, म्हणजे मशीनवर धातू कापणाऱ्या बदलत्या टोकांचे, भाव पण चढले, त्यातही टंगस्टनच की.

शेवटी देशातच रॉड करून देणारा मिळाला. पहिल्यांदा विचारलं, रॉड ज्यापासनं करता ती टंगस्टन पावडर कुठची, तर म्हणाले जुन्या कार्बाइड स्क्रॅपमधनं काढलेली. पण सप्लायर बदलला की अप्रूव्हल परत पहिल्यापासनं, टेस्ट सर्टिफिकेट, एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबचा केमिकल आणि डेन्सिटी रिपोर्ट, मग फर्स्ट आर्टिकल इन्स्पेक्शन, म्हणजे पहिल्या नगाची पूर्ण तपासणी. रॉड कापायच्या आधी इन्स्पेक्टर साहेबांनी समोर उभं राहून प्रत्येक तुकड्याच्या जागी लॉट नंबर इलेक्ट्रिक पेनानं कोरून घेतला आणि सर्टिफिकेटवर बोट ठेवून एकेक आकडा जुळवला. वेळ गेला, पण सैन्यात जाणाऱ्या मालाला असंच बघायला पाहिजे.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. राजस्थानात डेगान्याला आपली टंगस्टनची खाण होती, बाहेरचा माल स्वस्त पडतो म्हणून ती १९९० च्या दशकात बंद पडली. आणि इकडं उद्यमबाग, मच्छेत झिजलेले इन्सर्ट अजून लोखंडाच्या चिपात मिसळून भंगारात जातात! आम्ही आता प्रत्येक मशीनजवळ वेगळा डबा ठेवलाय, भरला की रॉडवाल्याकडं पाठवतो, तो वजनाप्रमाणं बिलातनं वळते करतो. एकट्याचा माल कितीसा होणार, म्हणून शेजारच्या शॉपवाल्यांशी एकत्र जमवायचं बोलणं चाललंय, दोघंतिघं तयार झालेत.